रोममध्ये पिठलं बिघडतं तेव्हा

नाव मोठं, रेटिंग मोठं, बिल त्याहून मोठं. आणि प्लेटमध्ये? गुठळ्या! त्रास्तेव्हेरेतल्या एका नामवंत रेस्टॉरंटमधलं फसलेलं डिनर आणि दुसऱ्या दिवशी भेटलेलं दुसरं रोम.

रोमला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "जेवण कसं होतं?" उत्तर ठरलेलं असतं. "काय सांगू यार, तो पास्ता! आपल्याकडे मिळतो तो पास्ताच नाही!" फोटोही ठरलेले. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, वाइनचा ग्लास, मागे वेलींनी झाकलेली केशरी भिंत. रोममध्ये वाईट जेवलो असं सांगणारा माणूस अजून तरी मला भेटलेला नाही. आणि ते साहजिकच आहे. व्हिसाच्या रांगेत उभं राहून, वर्षभराच्या सुट्ट्या साठवून, सेव्हिंगला भलंमोठं भोक पाडून आपण तिथे जातो. मग ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून "ठीकच होतं" कोण म्हणणार?

तर मंडळी, मी म्हणते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, एका बुधवारी संध्याकाळी, त्रास्तेव्हेरेतल्या एका अतिशय नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये मी आणि आई वाईट जेवलो. रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही. हे दुकान कुठल्याही शहरात सापडेल, तुमच्याही.

नदीपलीकडचं रोम

आधी जागेबद्दल, कारण जागेचा त्यात काही दोष नाही. त्रास्तेव्हेरे म्हणजे टायबरपलीकडचं. नदीच्या पश्चिम काठावरची ही वस्ती एके काळी खलाशी, कारागीर, मजूर अशा कष्टकऱ्यांची होती. अरुंद गल्ल्या, पायाखाली काळे चौकोनी दगड (हिल्स घालून गेलात तर बारा वाजलेच म्हणून समजा), दोन घरांच्या मध्ये वाळत टाकलेले कपडे. गिरगावातल्या एखाद्या वाडीतून चालल्यासारखं वाटतं, फक्त रंग वेगळे. इथल्या सांता मारिया चर्चच्या दर्शनी भागावर मध्ययुगीन मोझेइक आहे. दिवे लागले की त्यातलं सोनं चमकायला लागतं आणि समोरच्या चौकात कारंज्याच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं-पोरी आइस्क्रीम खात बसतात. फुकटातली संध्याकाळ. एकदम सही!

या गल्ल्यांत आता घरांपेक्षा रेस्टॉरंट जास्त दिसतात. आमचं रेस्टॉरंट त्यातलंच, पण वरच्या पंगतीतलं. गाइडबुकात नाव, ट्रॅव्हल चॅनलवाल्यांनी शूट केलेलं, नेटवर हजारो लोकांनी भरभरून लिहिलेलं. दोन महिने आधी बुकिंग केलं होतं. बुकिंग करतानाच कार्डचा नंबर घेतला, आला नाहीत तर माणशी २५ युरो कापू अशी नम्र धमकी दिली आणि वेळ मिळाली साडेसातची. सव्वानऊला टेबल सोडायचं, हेही तेव्हाच सांगितलं.

इथे एक फंडा समजून घ्या. रोमचा माणूस रात्री साडेआठ-नऊच्या आत जेवायला बसत नाही. साडेसातची बैठक ही मुख्यतः परदेशी पाहुण्यांची. आजूबाजूला बघितलं तर खरंच, आमच्या खोलीत इटालियन बोलत होते ते फक्त वेटर.

एकच तर डिश होती

आई पोस्टातून रिटायर झाली त्याची ही ट्रिप. तिचा पहिला परदेश प्रवास. ती मासे खाते, पण मटण-चिकनला हात लावत नाही. आता रोमचे नावाजलेले पास्ते चार. कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रीचा आणि काचो ए पेपे. पहिल्या तिघांत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस. उरला एक, काचो ए पेपे. काचो म्हणजे चीज, पेपे म्हणजे मिरी. पास्ता, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, काळी मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी. संपली यादी. ना क्रीम, ना बटर, ना लसूण.

हे धनगरांचं जेवण मानलं जातं. डोंगरात मेंढरं घेऊन फिरणाऱ्याच्या झोळीत जे टिकेल ते, म्हणजे सुका पास्ता, मुरलेलं चीज आणि मिरी. गोष्ट शंभर टक्के खरी असो वा नसो, आईला ती भारी आवडली. "म्हणजे आपल्या धनगरांची भाकरी-चटणीच की," ती म्हणाली आणि मेन्यूकार्ड मिटून टाकलं. तिचं ठरलं होतं.

चार जिन्नसांच्या पदार्थात लपायला जागा नसते. पोहे, वरण-भात, पिठलं यांचं तेच आहे. मसाला जास्त घालून, वर काजू पेरून सांभाळून नेता येत नाही. हाताला जमलं तर जमलं.

सुरुवातीला आर्टिचोक मागवलं. कार्चोफी आल्ला जुदिया म्हणजे ज्यू पद्धतीचं आर्टिचोक, अख्खं फूल उमलवून तेलात दोनदा तळलेलं. १५५५ मध्ये पोप पॉल चौथे यांनी रोमच्या ज्यूंना नदीकाठच्या भिंतीआड कोंडलं, त्या घेट्टोच्या स्वयंपाकघरांशी हा पदार्थ जोडलेला आहे. चांगला जमला की पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरतात. पण रोमच्या आर्टिचोकचा खरा मोसम हिवाळा सरताना आणि वसंतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबरात मिळालं ते चिवट होतं आणि तेल पीत बसलेलं. मेन्यूवर मात्र ते बारा महिने छापलेलं. आपल्याकडे दिवाळीत कुणी 'ताजा हापूस' लिहिलं तर आपण काय म्हणू?

ठीक आहे, म्हटलं. हिरो तर अजून यायचाय.

"गुठळ्या झाल्यात गं"

हिरो आला. तोन्नारेल्ली म्हणजे चौकोनी काठाच्या जाड शेवया, वर मिरीची पखरण, प्लेट दिसायला फोटोसारखी. आईने काटा फिरवला आणि थांबली. चीजचे पांढरे गोळे शेवयांना चिकटलेले, रबरासारखे ताणले जाणारे. तळाशी पांढुरकं पाणी साठलेलं. प्लेट कोमट. मी एक घास घेतला. गोळा आला तिथे खारट, नाही आला तिथे फक्त उकडलेला पास्ता.

"अगं, पिठल्याला गुठळ्या झाल्यात," आई हळूच म्हणाली. आजूबाजूला कुणाला मराठी येत नसतानाही हळूच.

माझा पास्ता मशरूमचा होता, तो बरा होता. बरा म्हणजे आमच्या ऑफिसखालच्या कॅफेत मिळतो तेवढा बरा. मी प्लेट बदलून घेऊ म्हटलं. आई म्हणाली, "असू दे, खाते मी. एवढं काही नाही." अन्न टाकायचं नाही, दुसऱ्याच्या घरी नाव ठेवायचं नाही, दोन्ही तिच्या हाडात मुरलेलं. पण हे दुसऱ्याचं घर नव्हतं. मी वेटरला बोलावलं आणि शक्य तितक्या गोडीत सांगितलं की सॉस फाटलाय.

त्याने प्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, धिस इज ट्रॅडिशनल," तो म्हणाला. मग आईकडे वळून, लहान मुलाला समजावतात तसं, "नो क्रीम. इन इंडिया, विथ क्रीम. हिअर, रिअल." आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

मला जेवणापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. आई इंग्रजीत फारसं बोलत नाही, पण कळतं तिला सगळं. तिने खाली मान घालून सगळी प्लेट संपवली. "छान होतं," म्हणाली. आई "छान होतं" म्हणते ते कुठल्या आवाजात म्हणते, हे मला चांगलं ठाऊक आहे. नावडत्या नातेवाइकांच्या लग्नातून परतताना तिचा हाच आवाज असतो.

बिल आलं. आर्टिचोक ९, काचो ए पेपे १६, मशरूम पास्ता २०, तिरामिसू ९, वाइनचा एक ग्लास ८, पाण्याची बाटली ४ आणि ब्रेड दोघींचा ५. झाले ७१ युरो. त्यावर १२ टक्के सर्व्हिस. एकूण साडेएकोणऐंशी युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास सात हजार रुपये. आईने विचारलं किती झाले. मी निम्मे सांगितले. तिला तेही जास्त वाटले.

जिभेला व्हिसा लागत नाही

आता खरा प्रश्न. अशा ठिकाणी आपण गप्प का बसतो?

कारण आपल्याला वाटतं, आपल्यालाच कळत नसेल. एवढं मोठं नाव, एवढे लोक वाखाणतात, शिवाय पदार्थ त्यांचा. आपण कोण? ऑफिसात क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये धडधडीत चूक दिसत असते, पण समोरचा आत्मविश्वासाने बोलतो म्हणून आपण मान डोलावतो, त्यातलाच प्रकार. 'ट्रॅडिशनल' हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की समोरच्याचं तोंड बंद. पण परंपरा म्हणजे पदार्थ कसाही करण्याचं लायसन्स नाही. काचो ए पेपे परंपरेने गुळगुळीत असतो. चीज आणि पाणी एकजीव होऊन पास्त्याला अंगरख्यासारखं बिलगतं, त्यातच तर सगळं कसब. गोळे आणि पाणी वेगळं दिसलं की कुठलीही रोमन आजी ती प्लेट परत पाठवेल.

आणि ज्या बाईने चाळीस वर्षं पिठलं घोटलंय, तिला सॉस एकजीव झालाय की नाही हे कळायला इटालियन यावं लागत नाही.

पुढचा प्रश्न, एवढं नावाजलेलं ठिकाण असं का वागतं? स्वयंपाकघरात त्या रात्री काय झालं ते मला दिसलं नाही. पण जेवणघरात बसून हिशोब करता येतो. साडेसातची एक पाळी, साडेनऊची दुसरी. प्रत्येक खुर्चीवर असा माणूस, जो आयुष्यात एकदा येणार आणि विमानाने निघून जाणार. तो खूश झाला काय, नाराज झाला काय, उद्या त्याच खुर्चीवर त्याच्यासारखाच दुसरा बसलेला असतो, दोन महिने आधी बुकिंग करून. म्हणजे वाईट जेवण देण्याची शिक्षाच नाही.

आता दादरच्या किंवा पुण्याच्या पेठेतल्या एखाद्या खानावळीचं बघा. तिथे आमटी बिघडली तर दुसऱ्या दिवशी वीस मेंबर तोंडावर सांगतात. तिसऱ्या दिवशी बिघडली तर डबा बंद. मालकाला स्वयंपाकी आवडो न आवडो, आमटीकडे लक्ष द्यावंच लागतं. चांगलं जेवण बऱ्याचदा असं, उद्या परत येणाऱ्या माणसाच्या धाकाने टिकतं.

रेटिंगचंही तेच. रेटिंग देणारे बहुतेक जण तो पदार्थ पहिल्यांदाच खात असतात, तेही सुट्टीच्या मूडमध्ये, वेलींच्या भिंतीखाली. ते गुण संध्याकाळीला देतात आणि आपण ते पास्त्याचे समजतो.

गुरुवार म्हणजे न्योक्की

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आईचा गुरुवारी मासाही बंद. व्हॅटिकन म्युझियम दुपारनंतरचं होतं, त्याआधी आम्ही तेस्ताच्चोला गेलो. मेट्रोच्या बी लाइनवर पिरामिदे स्टेशनला उतरायचं. बाहेर पडल्याबरोबर समोर खरोखरचा पिरॅमिड! इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सेस्तियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने स्वतःच्या थडग्यासाठी बांधून घेतलेला. त्याच्या सावलीत परदेशी लोकांची जुनी दफनभूमी आहे, तिथे कवी कीट्सची कबर आहे. तो १८२१ मध्ये रोममध्येच गेला, पंचविसाव्या वर्षी.

पण तेस्ताच्चोची खरी मजा म्हणजे तिथली टेकडी. अंदाजे ३५ मीटर उंच आणि अख्खी फुटक्या मडक्यांची! प्राचीन रोममध्ये स्पेन आणि आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल यायचं ते मोठ्या मातीच्या रांजणांतून. तेल काढून घेतल्यावर रांजण धुऊन वापरता यायचे नाहीत, मग ते फोडून इथे रचायचे. शतकानुशतकं रचले, त्याचा डोंगर झाला. आईने गेटमधून बघितलं आणि म्हणाली, "यांना बोहारीण भेटली नाही वाटतं."

टेकडीच्या पायथ्याशी जुना कत्तलखाना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला, १९७५ मध्ये बंद झाला. आता तिथे चित्रप्रदर्शनं भरतात आणि आर्किटेक्चरची मुलं शिकतात. इथल्या कामगारांच्या वाट्याला चांगलं मांस कमी आणि आतडी, शेपटी, काळीज असलं उरलंसुरलं जास्त यायचं. त्याला 'पाचवा चतकोर' म्हणायचे. श्रीमंतांनी चार चतकोर नेले की उरतो तो. त्यातूनच रोमचे कितीतरी झणझणीत पदार्थ जन्मले. म्हणजे ही वस्तीच मुळात रोजच्या जेवणाची, कामावरून आलेल्या भुकेची.

दुपारी एक वाजता आम्ही मार्केटजवळच्या एका साध्या खाणावळीत शिरलो. कागदाचे टेबलक्लॉथ, भिंतीवर फुटबॉल टीमचा स्कार्फ, मेन्यू हाताने लिहिलेला. शेजारच्या टेबलावर गॅरेजमधले कपडे घातलेले तिघे, पलीकडे एकटे आजोबा पेपर वाचत. मेन्यूवर सगळ्यात वर लिहिलेलं, आज न्योक्की.

रोममध्ये म्हण आहे, गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. न्योक्की म्हणजे बटाटा आणि मैद्याचे अंगठ्याएवढे गोळे. शुक्रवारी चर्चच्या नियमाने मांस बंद, म्हणून गुरुवारी पोटभर जड जेवून घ्यायचं, असं त्याचं कारण सांगतात. हे ऐकून आईचा चेहरा असा काही उजळला! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सांभाळत जिने आयुष्यभर स्वयंपाकाचं वेळापत्रक चालवलं, तिला रोम पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. "म्हणजे यांचेही वार असतात," ती म्हणाली.

सॉसमध्ये मांस आहे का, विचारलं. मालकीणबाईंनी आत डोकं घालून ओरडून विचारलं आणि सांगितलं, मांसाशिवायचा टोमॅटोचा करून देते, दहा मिनिटं लागतील. लागली पंधरा. आले ते न्योक्की गरम, मऊ, चमच्याने दाबले तर विरघळतील असे. सोबत चिकोरिया नावाची कडसर पालेभाजी, लसूण आणि सुक्या मिरचीवर परतलेली. आईने पहिला घास घेतला. "ही तर माठाची भाजी. यांनी लसूण जाळला नाही, छान तांबूस केलाय." आवाज वेगळा होता. हा खरा होता.

दोन प्लेट न्योक्की, भाजी, ब्रेड, पाणी आणि पाव लिटर वाइन मिळून ३७ युरो. आदल्या रात्रीच्या निम्म्याहून कमी. ते आजोबा पेपर घडी करून उठले, मालकीणबाईंना काहीतरी बोलले, बहुधा मीठ कमी होतं, कारण त्यांनी हात वारे करत दोन मिनिटं वाद घातला. मग आजोबा हसत बाहेर पडले. उद्या परत येणार, हे दोघांनाही माहीत होतं.

आई, पिठलं आणि नोबेल

नोबेल म्हणजे इग नोबेल. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस. आमच्या ट्रिपनंतर दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, फिजिक्ससाठीचं ते बक्षीस कुणाला मिळालं? काचो ए पेपेच्या गुठळ्यांवर अभ्यास करणाऱ्या इटालियन शास्त्रज्ञांच्या गटाला! मी बातमी आईला वाचून दाखवली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. चीजमधलं प्रोटीन तापलं की एकमेकांना चिकटून गोळा होतं. पाण्यात पुरेसा स्टार्च असेल तर तो मध्ये येतो आणि गोळा होऊ देत नाही. चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असेल तर सॉस गुळगुळीत राहतो. एक टक्क्याच्या खाली गेला की गुठळ्या, चारच्या वर गेला की थंड झाल्यावर सॉस घट्ट होऊन बसतो. पास्ता उकळलेल्या पाण्यात दर वेळी पुरेसा स्टार्च असेलच असं नाही, म्हणून ते वेगळा मोजून घालायला सांगतात.

आईने ऐकून घेतलं. "त्यात काय एवढं? बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, उकळत्या पाण्यात कोरडं टाकायचं नाही. मी हेच म्हणत होते." पिठल्याच्या गुठळीचं कारण जरा वेगळं असतं, तिथे कोरड्या पिठाला बाहेरून चिकट कवच बनतं आणि आत पाणी शिरत नाही. पण उपाय मावसभाऊ आहेत. आधी बाहेर कालवा, मग आच सांभाळा.

आईने आमच्या किचनमध्ये करून बघितला. पहिल्याच फटक्यात जमला. त्या वेटरला पाठवावा असा फोटो निघाला होता, पण त्याचा नंबर कुठे आहे?

रोमला जाणार असाल तर

वेळ बघा. साडेसातची बैठक मिळाली तर समजा की शेजारीही पर्यटक असणार. शक्य असेल तर दुपारचं जेवण जिथे स्थानिक कामावरचे लोक जेवतात तिथे करा आणि रात्री हलकं घ्या. वजनावर विकला जाणारा, कात्रीने कापून देतात तो पिझ्झा किंवा सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा. सुप्लीत मांसाचा सॉस असू शकतो, विचारून घ्या.

मोसम विचारा. आर्टिचोक वसंतातलं, ऑक्टोबरात मशरूम आणि चेस्टनट. मेन्यूवर सगळं बारा महिने असेल तर सावध व्हा.

बिल वाचा. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे, तिथल्या २००६ च्या कायद्याने 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाला बसण्याचे पैसे, लावायला मनाई केली. म्हणून बऱ्याच ठिकाणी बिलात 'पाने', म्हणजे ब्रेडचे पैसे दिसतात. ब्रेड नको असेल तर सुरुवातीलाच सांगा. सर्व्हिस लावली असेल तर वेगळी टिप देण्याची गरज नाही.

पाणी विकत घेऊ नका, निदान रस्त्यावर तरी. शहरात साधारण अडीच हजार लोखंडी नळ अखंड वाहत असतात. १८७४ पासूनची ही सोय आहे. त्यांच्या वाकड्या तोटीवरून लोक त्यांना 'नाकाड' म्हणतात. पाणी गार आणि पिण्याजोगं. बाटली भरा आणि निघा.

कट्टर शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवा. पेकोरिनो रोमानो आणि पार्मेजान दोन्ही चीज बनवताना कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. मांस नाही म्हणजे शाकाहारी, असा हिशोब तिथे चालत नाही.

आणि घरी करायचा असेल तर आईची पद्धत. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पगेटी, १२० ग्रॅम किसलेलं पेकोरिनो, एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, खलबत्त्यात जाडसर कुटलेली काळी मिरी. कॉर्नफ्लॉवर अर्धी वाटी गार पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. मग उतरवून पूर्ण कोमट होऊ द्या. त्यात चीज घालून मिक्सरला एकदा फिरवा. मिरी कोरडी भाजून घ्या. पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी, कारण चीज खारट असतं. पास्ता उकडून निथळा, एक मिनिट थांबा, गॅस बंद ठेवूनच चीजचं मिश्रण आणि मिरी घालून भराभर हलवा. सैल हवं असेल तर पास्त्याचं पाणी चमचा चमचा घाला. लगेच वाढा, पाहुणे आधी पानावर बसवा. गार झाला की, आईच्या भाषेत, त्याचं पिठलं होतं.